दाराआडची मारामारी

१

दुपारी अनिकाला पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, स्ट्रोलरमध्ये घालून हॉलमधल्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालायच्या आणि तिचे डोळे मिटले की पाऊल न वाजवता लॅपटॉप उघडून फिनलंडमधल्या गुंडांना इंग्रजी शिकवायचं, असा आश्लेषाचा अमेरिकेतल्या बॉथेल गावातला नेम होता.

पुण्यात कॉलेजवर इंग्रजी शिकवणारी ही बाई अमेरिकेत आली ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून. या व्हिसावर राहता येतं, खाता येतं, बाळंत होता येतं. नोकरी तेवढी करता येत नाही. फुकट राबायला मात्र कुणाची ना नसते. तिचा नवरा देवदत्त सोनोग्राफीची मशिन्स बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्याच्या टीममध्ये आर्तो नावाचा एक उंच, अबोल फिनिश माणूस होता, आणि त्या आर्तोचा धाकटा भाऊ तिकडे फिनलंडमध्ये मित्रांना गोळा करून सुट्टीच्या दिवशी सुपरहीरोचे सिनेमे काढायचा. कॅमेरा उसना, नट शेजारपाजारचे, पैसे जवळजवळ नाहीतच. परदेशात दाखवायचे म्हणून त्यांनी इंग्रजी सबटायटल्सही स्वतःच केली होती. त्यात खलनायक पिस्तूल रोखून ‘कृपया आता मरण घ्यावे’ असं म्हणायचा.

“माझी बायको करून देईल करेक्ट, शी इज अ प्रोफेसर,” असं देवदत्तने ऑफिसात परस्पर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाकिटं भरभरून डिस्क घरी आल्या.

सगळ्या सिनेमांचा हीरो एकच. एका बिल्डिंगचा केअरटेकर. कुणाच्यातरी आईने विणलेला राखाडी लोकरीचा मुखवटा, डोळ्यांची दोन भोकं, त्यातलं एक मोठं झालेलं. घोट्यापर्यंत कोट. कोटाच्या खिशातून दोऱ्याला टांगलेलं एक चकचकीत प्लास्टिकचं पदक लोंबायचं आणि दिव्यासमोर आलं की लखकन चमकायचं. हा गृहस्थ एक अक्षर बोलत नसे. देवदत्तने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: वॉचमनकाका.

पोलीस स्टेशन, गुंडांचा अड्डा, हॉस्पिटल, सगळं एकाच फ्लॅटमध्ये. सोफा तोच, चादर वेगळी. आणि मारामारीला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी काढलेली तोड तर भन्नाट होती. गुंड खोलीत शिरायचा. त्याच्यामागे वॉचमनकाका शिरायचे. दार बंद. कॅमेरा दारावर. आतून आधी लाकूड आपटल्यासारखं ‘खट्ट’. मग काहीतरी जड ओढत नेल्यासारखं ‘खर्रर्र’. मग धातूचं झाकण पडल्यासारखं ‘ठण्ण’. मग शांतता. आणि शेवटी आतल्या बाजूने दारावर दोन टकटक. दार उघडून काका एकटेच बाहेर यायचे आणि कॉफी करायला घ्यायचे.

“फाइट कुठंय यार?” देवदत्त म्हणाला.

“दाराआड.”

“पैसे संपले वाटतं.”

“संपले नाहीत. त्यांची कॉफी प्यायले.”

पहिले काही सिनेमे दोघं पोट धरून हसले. मग देवदत्तच्या सॉफ्टवेअरचा रिलीज जवळ आला आणि आश्लेषा दुपारी एकटीच बघायला लागली. एकटीने बघताना ती हसत नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

२

बाबागाडी तिला तिसऱ्या की चौथ्या सिनेमात दिसली. अड्ड्यावर गुंड नोटा मोजत बसलेत, मागे बाल्कनीचं काचेचं दार, दारापलीकडे बर्फ, आणि त्या बर्फात एक बाबागाडी. तिने मागचे सिनेमे काढून बघितले. प्रत्येकात होती. हॉस्पिटलच्या सीनमध्ये, पोलीस स्टेशनच्या सीनमध्ये, पडदा जिथे जिथे सरकलेला तिथे तिथे. आणि एका ठिकाणी तर वॉचमनकाका, गोष्टीशी काडीचा संबंध नसताना, बाल्कनीत जाऊन त्या गाडीपाशी कॅमेऱ्याकडे तोंड करून नुसते उभे. मग त्यांनी बुटाच्या टोकाने गाडीचा ब्रेक लावला. ‘क्लिक.’ बस्स, सीन संपला.

आश्लेषाने तो सीन पुन्हा लावला. सुपरहीरोच्या सिनेमात ब्रेक कशाला?

शनिवारी आर्तो जेवायला आला. पिठलं-भाकरी त्याने मान खाली घालून, मन लावून खाल्ली. तिने बाबागाडीचं विचारलं, तर म्हणाला, ते खरंच कुणाचंतरी बाळ आहे, भावाच्याच घरी शूटिंग असतं ना. आमच्याकडे बाळांना दुपारी बाहेरच झोपवतात. बर्फ असला तरी. छान गुंडाळून.

“बर्फात?” आश्लेषाने मांडीवरच्या अनिकाला नकळत घट्ट धरलं.

“झोप चांगली लागते,” आर्तो म्हणाला. “आतली हवा चांगली नसते.”

आणि त्याने खिशातून तसंच एक चकचकीत पदक काढून स्ट्रोलरच्या दांडीला बांधलं. त्यांच्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, म्हणून लहानथोर सगळे असलं काहीतरी लटकवून फिरतात. गाडीचा उजेड पडला की चमकतं, ड्रायव्हरला माणूस दिसतो. “बॉथेलमध्येसुद्धा अंधारच आहे,” तो म्हणाला. आर्तोच्या मानाने हा विनोद होता.

“आणि मुखवट्यात कोण असतं?” निघताना तिने विचारलं.

आर्तोने बूट घालता घालता विचार केला. “ज्याला वेळ असेल तो. कोट एकच आहे.”

“मग तो ब्रेकचा सीन कोणी केला?”

“कुठला ब्रेक?” तो म्हणाला. तिने सांगितल्यावर त्याने खांदे उडवले. तसं काही लिहिलेलं नव्हतं म्हणे. ज्याने कोट घातला असेल त्याच्या मनात आलं असेल.

३

आवाज नोव्हेंबरात सुरू झाले.

दुपारची वेळ. अनिका झोपलेली, लॅपटॉप बंद, आश्लेषा डाळ निवडत बसलेली. बेडरूमचं दार लोटलेलं होतं आणि त्या दाराआडून आलं, खट्ट. मग खर्रर्र. तिचा हात ताटात तसाच राहिला. मग ठण्ण. मग ती वाट बघत बसली, आणि आपण वाट बघतोय याचीच तिला जास्त भीती वाटली.

टक. टक.

ती उठली. सुशिक्षित बाई होती, उठणं भागच होतं. हातात पोळपाट घेतला, कारण तो जवळ होता, आणि दार ढकललं. पलंग, कपाट, न घडी घातलेले कपडे. खिडकी बंद. झाकण म्हणावं असं काही त्या खोलीत नव्हतंच.

‘खालच्या काकूंचा खलबत्ता,’ तिने स्वतःला समजावलं. लाकडी बिल्डिंग, पुठ्ठ्याच्या भिंती. कुणी शिंकलं तर तिसऱ्या घरात ‘शतायुषी’ म्हणावं अशी गत. खाली शोभनाकाकू राहत होत्या, सांगलीहून लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. सहा महिन्यांची चटणी-मसाल्याची तयारी त्या कुटूनच करत असणार. हे पटण्यासारखं होतं. तिला ते दोन दिवस पटलंही.

मग लाँड्रीरूममध्ये काकू भेटल्या.

“काकू, खलबत्ता चालतो का हो दुपारचा?”

“कुठला खलबत्ता? सुनेने मिक्सर दिलाय. हात लावू देत नाही मला कशाला.” काकूंनी ड्रायरमधून गरम पलंगपोस काढून छातीशी धरला, ती ऊब त्यांना फार आवडायची. “मीच तुला विचारणार होते. देवदत्त दुपारचा घरी येतो का गं हल्ली?”

“नाही. का?”

“नाही, वर कुणीतरी पुरुषमाणूस चालतो. जड पावलं आहेत. बूट घालून. म्हटलं, जेवायला येत असेल.” मग तिचा चेहरा बघून त्या घाईघाईने म्हणाल्या, “अगं, माझे कान आता सत्तर वर्षांचे. त्यांचं काय ऐकतेस!”

४

रात्री तिने देवदत्तला सांगितलं. त्याने नीट ऐकलं, हा त्याचा चांगुलपणा. मग म्हणाला, “आशू, किती झोपतेस तू? दोन-दोन तास, तुकड्या-तुकड्यात. आणि दिवसभर तेच सिनेमे, तेच आवाज. मला कोड स्वप्नात दिसतो, तुला वॉचमनकाका ऐकू येतात. थोडे दिवस बंद कर ना ते.”

बरोबर होतं. इतकं बरोबर, की तिला रडू आलं. बाळंतपणानंतर बायकांच्या डोक्याचं काय काय होतं, यावर डॉक्टरीणबाईंनी दिलेली माहितीपत्रिका तिने आधीच पाठ केली होती. त्यातली निम्मी लक्षणं आपल्यात आहेत आणि उरलेली आपण लपवतोय, अशी तिची खात्री होती. तिने डिस्क पाकिटात भरल्या आणि पाकिटं कपाटात सगळ्यांत वर, बॅगांच्या मागे ढकलली.

दोन दिवस शांततेत गेले.

तिसऱ्या दिवशी ती आंघोळ करून बाहेर आली, तर हॉलमध्ये गार वाऱ्याची एक पट्टी पसरलेली. बाल्कनीचं सरकतं दार वीतभर उघडं होतं. आणि सोफ्याजवळ ठेवलेला स्ट्रोलर त्या दाराला टेकून उभा होता. आत अनिका मजेत गाढ झोपलेली, नाकाचा शेंडा गुलाबी.

आश्लेषाने झडप घालून स्ट्रोलर मागे ओढला. तो हलेना. तिने पुन्हा ओढला. मग तिला खाली बघायचं सुचलं.

ब्रेक लावलेला होता.

ब्रेक लावायला आश्लेषा कायम विसरायची. त्यावरून देवदत्तची बोलणी खायची, उतारावरून गाडी गेली तर काय करशील म्हणून. सहा महिन्यांत तिच्या हातून, म्हणजे पायातून, तो ब्रेक एकदाही लागला नव्हता.

तिने अनिकाला उचललं आणि भिंतीला पाठ लावून, ओल्या केसांनी, देवदत्त येईपर्यंत तिथेच उभी राहिली. तिला आता एवढंच कळत होतं: घरात जे काही आहे त्याला आपली मुलगी बाहेर न्यायची आहे. थंडीत. ते दार उघडायला शिकलंय, गाडी ढकलायला शिकलंय. एकेक पायरी चढतंय.

आणि ते बाहेरचं कुणी नसलं तर? हा प्रश्न तिने मनातसुद्धा पुरता विचारला नाही. दार आपणच उघडलं असेल आणि आपल्याला आठवत नसेल, तर त्या पत्रिकेत त्याला काय म्हणतात, ते तिला पाठ होतं.

त्या दिवसापासून तिने बाल्कनीच्या दाराच्या खोबणीत लाटणं आडवं घालून ठेवलं. बाहेरून काय, आतूनही सरकायची सोय उरली नाही. पोळ्या लाटायच्या वेळी ती ते काढायची, लाटायची, पुसून परत घालायची. देवदत्त एकदा लाटण्याकडे बघून म्हणाला, “पोळ्यांना बाल्कनीचा वास येतो.” आणि ती खूप दिवसांनी हसली.

५

डिसेंबरात वादळ आलं. रात्रभर वारा झाडं पिळत होता आणि सकाळी उठून बघतात तो सगळ्या बॉथेलची वीज गेलेली. देवदारांचे बुंधे रस्त्यावर आडवे, सिग्नल बंद, पंपांवर रांगा. घरातल्या शेगड्या विजेच्या, भिंतीतले हीटर विजेचे. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली.

“मी शेजारच्या बेलव्ह्यूला जाऊन बघतो, एखादं हॉटेल मिळतंय का,” देवदत्त दुपारी म्हणाला. “फोन मेला तर घाबरू नकोस. तासा-दोन तासांत येतो.”

तो गेला तोच शोभनाकाकू वर आल्या. अंगावर स्वेटर, त्यावर लेकाचं जॅकेट, डोक्याला मफलर. त्यांना सुनेच्या बहिणीकडे नेत होते, तिकडे वीज होती.

“चल गं तूही.”

“देव येईलच काकू. त्याला कळणार कसं, फोन बंद.”

काकूंनी अनिकाचे पाय चाचपले. “गार पडलेत गं! अगं, कोळशाची शेगडी नाही का तुमच्याकडे? ती उन्हाळ्यात कणसं भाजलीत ती?”

“ती बाहेर वापरायची असते.”

“काही नाही होत. बाहेर पेटव, धूर जाऊ दे, लालबुंद निखारे झाले की आत घे. माझ्या चारही बाळंतपणांत खोलीत सव्वा महिना शेगडी होती. वर चिमूटभर ओवा टाक. पोर कसं पटकन झोपतं बघ.” खालून हॉर्न वाजला. “आले रे बाबा! आणि फटी बंद कर सगळ्या, वारा येऊ देऊ नकोस.”

चार मुलं वाढवलेली बाई. आश्लेषाकडे एक होतं, तेही जेमतेम सात महिन्यांचं. तिने काकूंचं ऐकलं. सांगलीच्या त्या खोलीवर कौलं होती आणि कौलांतून आभाळ दिसायचं, ही गोष्ट ना काकूंना सांगावीशी वाटली, ना तिला विचारावीशी.

तिने बाल्कनीत निखारे फुलवले. ओव्हनचे हातमोजे घालून शेगडी आत आणली आणि उलट्या परातीवर ठेवली. तिचं घुमटासारखं झाकण भिंतीला टेकवलं. दार सरकवून लाटणं घातलं. दाराच्या कडेने, मुख्य दाराखाली, खिडकीच्या फटीत टॉवेल ठासले. मग निखाऱ्यांवर ओवा टाकला.

वास घरभर पसरला आणि तिच्या आईची खोली आली. आईचे तेलकट हात, धुरीवर धरलेलं बाळाचं अंगडं, बाहेर कुकरची शिट्टी. स्ट्रोलरमध्ये अनिकाची बोटं ऊन झाली. तिने एक जांभई दिली, आणि झोपली. इतकी पटकन झोपली, की आश्लेषाने मनातल्या मनात काकूंना नमस्कार केला.

६

बाहेर अंधारायला लागलं होतं. तिचं डोकं ठणकत होतं. रात्रीचं जागरण, दुसरं काय. निखारे लाल आणि गप्प. धूर अजिबात नव्हता. अनिकावर घालायला गोधडी आणावी म्हणून ती बेडरूममध्ये गेली, गोधडी काढली आणि जरा टेकावं म्हणून पलंगावर टेकली. पायांत कुणीतरी वाळू भरून ठेवल्यासारखं झालं होतं.

दार मागे हळूच लोटलं गेलं.

‘ऊठ,’ ती स्वतःला म्हणाली. ‘हो, उठते,’ स्वतःच म्हणाली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

तेव्हा दाराआडून आलं, खट्ट. लाकूड जमिनीवर पडलं.

तिला कळलं. या वेळी आपण दाराच्या दुसऱ्या बाजूला आहोत. कॅमेऱ्याला दिसत नाही अशा बाजूला. आणि अनिका तिकडे आहे.

खर्रर्र. काहीतरी जड सरकलं, सरकत राहिलं, आणि त्याच्या पाठोपाठ चाकांचा आवाज, खोबणीवरून चढताना होतो तसा ठेचकाळता. क्लिक. आश्लेषाने किंचाळायला तोंड उघडलं. तोंडातून आवाज निघाला की नाही, तिला सांगता आलं नसतं.

ठण्ण.

मग शांतता. सिनेमात असायची तेवढीच. मग जड पावलं, बूट घातलेली, तिच्या दाराकडे आली. थांबली.

टक. टक.

तो आवाज दारावर नाही, कपाळावर पडल्यासारखा झाला. ती पलंगावरून खाली कोसळली आणि गुडघ्यांवर, कोपरांवर, सरपटत दाराशी गेली. दार ओढलं. चेहऱ्यावर बर्फाच्या पाण्यासारखी हवा आदळली.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. बाल्कनीचं दार भिंतीपर्यंत सताड उघडं. टॉवेल एका बाजूला. शेगडीवर तिचं झाकण घट्ट बसवलेलं. बाहेर, उघड्यावर, तिची मुलगी.

ती उंबऱ्यापर्यंत पोचली आणि स्ट्रोलरचं चाक तिने दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात खाली पार्किंगमध्ये एक गाडी वळली. हेडलाइटचा उजेड कठड्याच्या गजांतून वर आला, आणि लखकन चमकलं. दांडीला बांधलेलं आर्तोचं पदक. ते स्थिर होतं.

त्याच्या वर, माणसाच्या खिशाच्या उंचीवर, दुसरं चमकलं. ते हेलकावत होतं.

गाडीचे दिवे विझले. जिन्यात देवदत्तची पावलं वाजायला लागली. अनिकाने डोळे उघडले, थंडीने नाक फेंदारलं आणि सगळी बिल्डिंग हलेल असं भोकाड पसरलं. आश्लेषाने आयुष्यात त्याहून गोड काही ऐकलं नव्हतं.

७

हॉस्पिटलमध्ये त्या आठवड्यात अशी बरीच कुटुंबं आली होती. कुणी खोलीत कोळसे पेटवलेले, कुणी गॅरेजमध्ये जनरेटर लावलेला. नर्सने अनिकाच्या इवल्याशा तोंडावर मास्क धरला आणि आश्लेषाला दुसरा लावला. कोळशातून निघणाऱ्या या गॅसला वास नाही, धूर नाही, डॉक्टर म्हणाले. माणूस झोपतो, बस्स. अजून अर्धा तास गेला असता तर... त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. अनिकाने मास्कची नळी तोंडात घालायचा प्रयत्न केला. ती ठणठणीत होती.

“तुम्ही तिला बाहेर काढलंत,” डॉक्टर म्हणाले. “वर झाकणही लावलंत. त्या अवस्थेत. तुम्हाला आठवणार नाही. या गॅसने आठवण जाते, आवाज ऐकू येतात, माणसंसुद्धा दिसतात.”

“म्हणजे मीच?”

“दुसरं कोण होतं घरात?”

देवदत्त तिचा हात हातात घेऊन रडत होता आणि मध्येच हसत होता. “आशू, यार, तू... तुला कळतंय का, तू काय केलंस!”

तिला खरं म्हणजे फार बरं वाटलं. महिनाभर ती स्वतःला मुलीच्या वाईटावर टपलेली वेडी समजत होती. आता डॉक्टर सर्टिफिकेट दिल्यासारखं सांगत होते, की शुद्ध हरपतानाही तू तिला वाचवलंस. घ्यावं की मुकाट्याने. तिने घेतलं.

आवाज डोक्यातले, हे ठीकच. पण मग खट्ट, खर्रर्र, ठण्ण हे महिनाभर आधी, कोळशाचा पत्ता नसताना, त्याच क्रमाने कसे ऐकू आले? एखाद्याने तालीम करावी तसे? आणि काकूंना बूट कसे ऐकू आले? तिने मास्कमध्ये एक खोल श्वास घेतला. ऑक्सिजनला कशाचाच वास येत नव्हता.

घरी आल्यावर तिने लाटणं शोधलं. खोबणीत नव्हतं, जमिनीवर नव्हतं. ते ओट्यावर होतं, पोळपाटावर, पुसून ठेवलेलं. आणि शेजारी तिचा कॉफीचा मग, धुऊन पालथा घातलेला.

“तू ठेवलंस का हे?” तिने देवदत्तला विचारलं.

“मी कधी लाटणं जागेवर ठेवलंय?” तो म्हणाला. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

८

शोभनाकाकूंना काय झालं ते कळलं तेव्हा त्या जिन्यातच मटकन बसल्या. “माझ्यामुळे गं,” म्हणून रडायला लागल्या. आश्लेषाने त्यांना घरात आणलं, अनिकाला त्यांच्या मांडीवर दिलं, आणि अनिकाने त्यांचा चष्मा ओढून तोडला तेव्हा कुठे त्या थांबल्या. भिंतीवर आता दोन अलार्म होते, एक धुराचा, एक त्या गॅसचा. फोडणीने ओरडतो म्हणून धुराच्या अलार्मवर चढवलेली आंघोळीची टोपीही तिने काढून टाकली होती. ओरडू दे मेल्याला.

मार्चमध्ये ऊन पडलं. आर्तोच्या भावाची मेल आली होती: नवा सिनेमा तयार आहे, आणि जुन्यांची सबटायटल्स कुठवर आली? मोठ्या आदबीने विचारलं होतं, इंग्रजी अर्थातच भीषण. आश्लेषाने खुर्चीवर चढून बॅगांमागची पाकिटं काढली.

अनिका बाल्कनीत होती. दोन स्वेटर, टोपी, मोजे, वर गोधडी. पहिल्या दिवशी आश्लेषा तिच्याशेजारी नुसती बसून राहिली होती. आता काचेच्या दाराआतून बघत काम करायची. झोप चांगली लागते, हे खरं होतं.

तिने तो सीन लावला. बर्फ, बाल्कनी, बाबागाडी, काका. बुटाचं टोक. क्लिक. हा माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणून तिला त्याची इतकी भीती वाटली होती. जणू तो पाळतीवर आहे, आत्ता गाडी ढकलत नेईल. आता तिने तो दोनदा, तीनदा बघितला. ती बाळाकडे बघणारी नजर नव्हतीच. बाळाकडे त्याची पाठ होती. तो आत बघत होता. घराकडे. बंद खोलीतून जे काही येईल ते आधी आपल्यावर येईल, अशा बेताने तो मधोमध उभा होता.

“अस्सं होय,” आश्लेषा मोठ्याने म्हणाली.

मागे बेडरूमचं दार लोटलेलं होतं. त्याच्या आतल्या बाजूने, अगदी हलक्या हाताने, झोपलेल्या पोराची काळजी घेत वाजवावं तसं,

टक. टक.

ती उठली नाही. पोळपाट घेतला नाही. काचेपलीकडे अनिका झोपलेली होती, दांडीवरचं पदक उन्हात शांत लोंबत होतं, आणि ब्रेक, तिने मान वाकवून बघितलं, लावलेला होता.

“हो,” ती हळू आवाजात म्हणाली. “झोपलीये.”

मग तिने कॉफी ठेवली. जरा जास्तच.